महाराजांनी बंद केलेले शब्द

राजा रुद्राजीराव सोंगट्यांच्या खेळात आपला लाडका पांढरा घोडा शेजारच्या राजाला हरला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने राज्यातला जुगार बंद केला. तेवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण त्याला तो खेळ कुणाच्या बोलण्यातसुद्धा नको होता. त्याने दवंडी पिटवली, की जुगारातून आलेला शब्द जो कोणी उच्चारील, त्याचे पाय महिनाभर लाकडी खोड्यात!

पहिला सापडला म्हादू कातारी. लाकडी सोंगट्या आणि फासे घडवून तो पोट भरायचा. आता काय करावं हे विचारायला तो दरबारात आला आणि बोलता बोलता म्हणून गेला, की या कलेसाठी मी उभा जन्म पणाला लावला. ‘पण’ म्हणजे जुगारात लावलेली वस्तू, हे प्रधानाने लगेच महाराजांच्या कानावर घातलं. म्हादूचे पाय खोड्यात अडकले.

त्याची मुलगी गोजरा राजासमोर आली. बापाचे गुडघे संधिवाताने धरलेले आहेत, महिनाभर असा बसला तर पुन्हा उभा राहायचा नाही, असं तिने सांगितलं. कोणता शब्द जुगारातला नि कोणता साधा, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं, असंही विचारलं.

“ते तूच सांग,” राजा म्हणाला. “उद्या दिवसभर दरबारात बस. असा शब्द कानावर आला की लक्षात ठेव. प्रधानजीही टिपतील. त्यांच्यापेक्षा तुझा एक जरी कमी भरला, तर बापाशेजारी तू. जास्त भरले, तर बाप सुटला.”

प्रधान बहुश्रुत, आणि गोजराला अक्षर येत नव्हतं. ती खांबाशी बसली आणि ऐकलेल्या अशा प्रत्येक शब्दाला पदराच्या दशांना एकेक गाठ मारत गेली.

संध्याकाळी प्रधानाने दोन शब्द वाचले. दोन्ही दरबारात फुलं घेऊन आलेल्या माळ्याचे होते. गोजराच्या गाठी अकरा भरल्या. ती एकेक सोडत शब्द सांगत गेली.

सरहद्दीच्या तंट्यात आपण बाजी मारली, असं कोणी म्हणालं. बाजी म्हणजे जुगाराचा डाव. कारकुनांचे छक्केपंजे चालू देणार नाही, असंही कोणी म्हणालं. छक्का नि पंजा फाशांवरचे. चोराने पोबारा केला म्हणे. तर फाशांवर पौ आणि बारा पडले की सोंगटी सुसाट सुटते, तो हा पोबारा.

“माळ्याचे दोन धरून अकरा,” गोजरा म्हणाली.

“आणि बाकीचे नऊ कोणाचे?” राजाने विचारलं.

“महाराजांचे.”

प्रधान हातातला कागद उलटसुलट करून पाहू लागला.

राजाचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मलाच खोड्यात घाला म्हणतेस?”

गोजराने हात जोडले.

“नाही महाराज. या शब्दांनी जुगार सोडून कैक पिढ्या झाल्या. आता ते दरबारात नि बाजारात इमानाने राबतात. महाराजांनी सोडून आठच दिवस झालेत. अजून संशय घ्यायचा तर कोणाचा घ्यावा?”

राजा असा खदाखदा हसला, की मुकुट सावरावा लागला. शब्दांवरची बंदी उठली आणि म्हादूला त्याच घटकेला सोडून राजाच्या मेण्यातून घरी पोचवलं. गोजराला पाच बिघे बागायत मिळाली आणि दरबारात कायमची जागा. प्रधानजींना हल्ली काही शब्द ऐकू येत नाहीत, असं या जागेचं कारण राजाने सनदेत लिहवून घेतलं. आणि ते लिहावं लागलं प्रधानालाच.