समई पेटेपर्यंत

"पण लोक खुर्च्या शोधत असताना का वाजवायचं, अण्णा?"

भीमाण्णा रेवणच्या सनईची पत्ती ओठांत धरून ओली करत होते.

"निम्मे लोक उभे असतात. कुणी फोनवर, कुणी चहाच्या टपरीवर. बायका ओळखीची माणसं हुडकत असतात. आपली सनई वाजतेय की मागचा जनरेटर, त्यांना काय फरक पडतो?"

अण्णांनी पत्ती तोंडातून काढली, दाराकडच्या उजेडात धरून पाहिली आणि परत तोंडात घातली.

रेवणला ही गप्प बसण्याची रीत नवी नव्हती. अकरा वर्षं तो या घरात शिकत होता. पहिलं वर्षभर त्याला सनई हातात मिळाली नव्हती, नुसत्या पत्तीत फुंकून ओठ सोलवटून घेतले होते. पण आता तो अठ्ठावीस वर्षांचा होता. राज्याच्या स्पर्धेत पहिला आला होता, रेडिओवर दोनदा वाजवून आला होता. आणि सांगलीच्या माघातल्या महोत्सवात त्याला जागा मिळाली होती ती मांडवाच्या दाराशी. पत्रिकेत त्याचं नावही नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, 'सायंकाळी पाच : सनई.'

ती जागा छत्तीस वर्षं भीमाण्णांची होती. दिवाळीत त्यांच्या छातीनं दगा दिला. फुंकायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. म्हणून यंदा ते काम रेवणकडे आलं.

"मला दुसऱ्या दिवशी रात्रीच्या मैफलीत बसवा म्हणून तुम्ही समितीला एक शब्द टाकला असता, तर..."

"मुलतानी वाजीव आज," अण्णा म्हणाले. "उन्हं उतरताना बरी वाटती."

रेवण उठून अंगणात गेला, परत आत आला. घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

आज त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती, आणि त्याला कारण होतं. पुण्याच्या एका मोठ्या संगीत संमेलनाचे देवस्थळी म्हणून गृहस्थ महोत्सवाला येणार होते. रेवणनं त्यांना चार वेळा फोन केला होता. चौथ्या वेळी ते म्हणाले होते, "साडेपाचला येतो. पंधरा मिनिटं ऐकतो. जमलं तर डिसेंबरात तुम्हाला बोलावू."

हे त्यानं अण्णांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बरं. आणि परत पत्ती तोंडात घातली असती.

निघायच्या वेळी निरोप आला, की कल्लाप्पा तापानं फणफणलाय. कल्लाप्पा अण्णांचा भाचा. सनईमागं एकच स्वर अखंड धरून ठेवायचं काम त्याचं.

"विजेवरची सुरपेटी आणतो," रेवण म्हणाला. "बटण दाबलं की झालं."

अण्णांनी कोनाड्यातली सुराची सनई काढली आणि उपरण्यात गुंडाळून काखेत मारली.

"अण्णा, डॉक्टरांनी..."

"चल. पहिला माणूस आत पाऊल टाकायच्या आत बसायला पायजे."

एवढा एकच नेम त्यांनी जन्मभर पाळला होता. पहिला माणूस मांडवात आला की सूर सुरू झाला पाहिजे आणि उद्घाटनाची समई पेटेपर्यंत तो तुटता कामा नये. का, ते कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नव्हतं.

कृष्णेच्या काठावर मांडव पडला होता. दुपारचं ऊन चटका देऊन गेलं होतं आणि आता नदीवरून गार वारा सुटला होता. एका बाजूला चित्रांचं प्रदर्शन, दुसऱ्या बाजूला हुरड्याचे आणि ताज्या गुळाचे ठेले. नाचाच्या शाळेतल्या मुली घुंगरं बांधून इकडून तिकडं पळत होत्या. कोपऱ्यात कविसंमेलनाचे कवी आधी कोण आणि नंतर कोण यावरून हुज्जत घालत होते.

दाराशी लाकडी माचा होता. संबळवाला बसाप्पा डावीकडे, रेवण मध्ये, अण्णा थोडे मागं, उजवीकडे.

पाच वाजता एक म्हातारं जोडपं आत आलं. अण्णांनी सूर धरला. रेवणनं मुलतानी सुरू केली.

पण त्याचं चित्त मुलतानीत नव्हतं. चांगलं ते तो राखून ठेवत होता. देवस्थळी आत पाय ठेवतील त्या क्षणी पूरिया धनाश्री रागात शिरायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तीन महिने घासून तयार केलेल्या ताना होत्या. तोवर नुसतं वरवर वाजवत राहायचं.

सव्वापाच झाले. गर्दी येऊ लागली. रेवणची नजर दारावर. निळा कोट दिसला... तो बँकेतला कुणीतरी निघाला. पांढरे केस दिसले... ते सरळ प्रदर्शनाकडे वळले.

साडेपाच झाले.

एका बाईनं सनईकडे पाठ करून मांडवातल्या झेंडूच्या माळांचा फोटो काढला. दोघे जण माच्याला टेकून उभे राहिले आणि उसाच्या तोडीबद्दल मोठ्यानं बोलू लागले. त्यातल्या एकानं बोलता बोलता रेवणच्या खांद्यावर हात ठेवला, खांब समजून ठेवावा तसा.

पावणेसहा झाले.

येत नाहीत, रेवणच्या मनात आलं. येणारच नव्हते. फोन संपवायचा म्हणून हो म्हणाले.

त्यानं मधल्या स्वरावरच सनई तोंडातून काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

बघू दे यांना. आता कळेल.

...

कुणाला काही कळलं नाही.

बसाप्पानं एकदा चमकून पाहिलं आणि संबळ चालू ठेवलं. उसाचं बोलणं चालूच राहिलं. एक मूल चप्पल हरवली म्हणून रडत होतं. सहाशे माणसांच्या मांडवात एक मान वळली नाही.

रेवणनं वाट पाहिली. त्याचा चेहरा तापला होता. अपमान करायला निघालेल्या माणसाचा अपमान घ्यायलाच कुणी पुढं येऊ नये, तशी त्याची गत झाली.

आणि मग त्याला तो सूर ऐकू आला.

अकरा वर्षांत त्यानं तो कधी ऐकला नव्हता. तो नेहमीच असायचा, म्हणून. आता सनई मध्ये नव्हती आणि तो एकटाच उघडा पडला होता. बारीक. कडेला किंचित थरथरत होता.

रेवणनं मान वळवली.

अण्णांचे डोळे मिटलेले होते. गाल फुगलेले. नाकानं श्वास आत ओढायचा आणि गालांतली हवा सोडत राहायची, म्हणजे सूर तुटत नाही. पण आत जाणारा श्वास अपुरा पडत होता. मानेची शीर दोरासारखी तटतटली होती. एवढ्या गारठ्यात कपाळावरून घामाचा थेंब भुवईपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. रेवणला खुणावलं नाही. रागावले नाहीत.

समई पेटायला अजून बराच वेळ होता.

सनई ओठांशी कधी गेली ते रेवणला समजलं नाही. त्यानं अण्णांचाच स्वर उचलला. सा. तोच, तेवढाच. दोन सूर एकमेकांत मिसळले. मग अण्णांचा हळूहळू विरत गेला, आणि राहिला तो रेवणचा.

अण्णांनी सुराची सनई मांडीवर ठेवली. त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

तेवढ्यात दारातून देवस्थळी आले.

काळं जाकीट, खांद्यावर शाल. घाईनं आले, समोरच्याच रांगेतली रिकामी खुर्ची त्यांनी घेतली. रेवणकडे पाहून मान हलवली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि ऐकायला बसले. मांडवात ऐकायला म्हणून बसलेला तो पहिला माणूस होता.

रेवणची बोटं भोकांवर शिवशिवू लागली. निषाद तिथंच होता. कोमल रिषभ तिथंच. एक बोट उचललं की पूरिया धनाश्री सुरू.

त्याच्या डोळ्यांत काय दिसलं कोण जाणे, पण अण्णांनी समोर पाहिलं, देवस्थळींना पाहिलं, आणि त्यांना सगळं उमगलं. त्यांनी सुराची सनई उचलली. पत्ती ओठांत घेतली. घे, असं म्हटल्यासारखी मान हलवली.

म्हणजे रेवणनं राग वाजवायचा आणि सूर धरायला ते परत फुंकणार होते.

रेवणचे दोन्ही हात अडकलेले होते. त्यानं उजवा गुडघा बाजूला सरकवला आणि अण्णांच्या हातातली सनई गुडघ्यानं खाली दाबली.

वाद्याला पाय लागलेला अण्णांना खपत नसे. एकदा चुकून अंगठा लागला म्हणून त्यांनी रेवणला आठवडाभर घरात घेतलं नव्हतं.

अण्णांनी त्या गुडघ्याकडे पाहिलं...

आणि सनई दाबलेलीच राहू दिली.

रेवण सा धरून बसला.

एक मिनिट. दोन मिनिटं. देवस्थळी वाट पाहत होते, आता पुढं काहीतरी येईल म्हणून. त्यांनी एक पाय दुसऱ्यावर टाकला. पाचव्या मिनिटाला शेजाऱ्याच्या कानात काहीतरी विचारलं. रेवणला त्यांचे ओठ दिसले, आणि लाजेनं त्याचा सूर हलला. त्यानं तो परत जागेवर आणला. पुन्हा हलला. पुन्हा आणला. गालात कळा येऊ लागल्या. मग त्यानं डोळे मिटले. देवस्थळी दिसेनासे झाले. नदीवरचा वारा तेवढा मानेला लागत राहिला.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यानं डोळे उघडले. समई पेटली होती. समितीचा माणूस हात हलवून थांबायला सांगत होता.

त्यानं सूर सोडला. टाळ्या समईला होत्या.

देवस्थळी माच्यापाशी आले. सभ्य गृहस्थ होते, ते आवाज खाली घेऊन बोलले.

"उशीर झाला मला. रस्ता खोदून ठेवलाय. तुमचं पुढचं काही ऐकायला मिळालं असतं तर... असो. बघू, पुढच्या वर्षी."

"हो," रेवण म्हणाला.

ते रांगांमध्ये दिसेनासे झाले. बसाप्पा संबळ बांधून चहाला गेला. व्यासपीठावर भाषण सुरू झालं.

अण्णा तांब्यातलं पाणी घोट घोट प्यायले. त्यांचा श्वास आता खाली बसला होता. रेवणनं सनई पुसायला घेतली, अर्धी पुसली, खाली ठेवली, परत उचलली. त्याला बसवेना आणि उठवेना.

"गुडघा लागला, अण्णा. चुकलो."

अण्णांनी तांब्या परत तोंडाला लावला.

"ते पुण्याचे होते. डिसेंबरात बोलावणार होते मला. चार फोन केले होते मी. तीन महिने रोज पहाटे उठून ताना घासल्या. अकरा वर्षं शिकलो, आणि ज्या दिवशी ऐकणारा समोर येऊन बसला, त्या दिवशी मी काय केलं? नुसता सा लावला!"

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. उपरण्यानं तोंड पुसलं. मग ते त्याच्याकडे वळले.

"लागला का सा?"