शेजाराविना घरटे

एका विहिरीवर वाकलेली जुनी बाभूळ होती. तिच्यावर सुगरण पक्ष्यांची दाट वस्ती होती आणि त्या वस्तीत एक सुगरण पक्षी राहत असे. मुलांनो, विणकामात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. आता पक्ष्याला हात कुठले, ते सोडा. पण शेजाऱ्यांना तो फार कंटाळला होता. पहाटेपासून कलकलाट, फांदीवरून भांडणे, आणि याची पाठ वळली की शेजारी याच्याच घरट्यातला गवताचा धागा उपसून आपल्या घरट्यात विणायचे.

"पलीकडच्या माळावर शिंदीचे एक लहानसे झाड आहे," एके दिवशी तो आपल्या पक्षिणीला म्हणाला. "तिथे कोणाची कटकट नाही. पिल्ले सुखाने वाढतील. आपण बिऱ्हाड तिकडेच हलवू."

"आधी बघेन, मग बोलेन," पक्षीण म्हणाली. सुगरणींची रीतच तशी आहे. नराने घरटे अर्धे विणायचे, मादीने येऊन ते पारखायचे, आणि ती हो म्हणाली तरच उरलेले पुरे करायचे. अंडी तिला घालायची असतात ना.

त्याने शिंदीवर विणायला घेतले आणि कामात जीव ओतला. धागा चोरायला कोणी नसल्याने काम झरझर झाले. मग पक्षीण आली. तिने चोचीने वीण ओढून पाहिली, ती तसूभरही हलली नाही. लोंबकळून झोका घेऊन पाहिला.

"घरटे चांगले आहे," ती म्हणाली. त्याची छाती फुगली.

"मग आणू उरलेले गवत?"

"थांबा जरा. इथे आपल्याशिवाय कोण असते?"

"कोणीच नाही. तेच तर सांगतोय तुला."

तेवढ्यात एक कावळा शिंदीवर येऊन बसला. दोघे जिवाच्या आकांताने ओरडू लागले. बाभळीवर अशी हाक उठती, तर सगळी वस्ती धावून आली असती आणि कावळ्याला पळता भुई थोडी झाली असती. इथे त्यांचा ओरडा माळावर विरून गेला. कावळ्याने सावकाश घरट्यात डोके घालून पाहिले. ते रिकामे होते.

"अंडी कधी घालणार?" त्याने सभ्यपणे विचारले. "घाई नाही. मी रोज इकडूनच जातो."

कावळा उडून गेला, तरी सुगरण पक्षी घरट्याकडे बघतच राहिला. आपल्या एवढ्या सुबक घरट्यात त्याला आता फक्त कावळ्याचे डोके दिसत होते.

"तुमच्या विणीत खोट नाही," पक्षीण हळूच म्हणाली, "पण अंडी मी इथे घालणार नाही."

त्याला खूप वाईट वाटले. दोघे बाभळीकडे परतले. तोवर पाण्यावरच्या उंच फांद्या इतरांनी बळकावल्या होत्या. त्याच्या वाट्याला काठाकडची एक बुटकी डहाळी आली, तीही दोन भांडखोर बिऱ्हाडांच्या मधोमध. त्याने मुकाट्याने तिथे पहिली गाठ मारली.

तात्पर्य : घर आपल्या कसबाने उभे करता येते, हाकेला धावणारा शेजार तसा उभा करता येत नाही, म्हणून बिऱ्हाड हलवण्याआधी नव्या जागी एक हाक मारून पाहावी, ओ कोण देते ते.