जीपमालकाची सही

बायकोला पशुपतिनाथ दाखवायचा म्हणून सांगोल्याहून आमची जुनी जीप काढली. सीमेअलीकडे मी ती शहाण्यासारखी चिखलात घातली. एका नेपाळी ट्रकवाल्याने ओढून काढली, वर चहा पाजला. सीमेवरचा साहेब मात्र खुर्चीत रेलून अडून बसला. मी दुसरी नापास. लायसनवरची आणि अर्जावरची सही जुळेना. पुन्हा करायला लावली, तर तिसरीच निघाली.

"म्हातारबा, जीप चोरीची दिसते. फिरा माघारी!"

मागून बायको करवादली, "तरी म्हणत होते, जरा गिरवत जा!"

मी भडकलो. "साहेब, चोर असतो तर गिरवूनच आलो असतो की! इतकी बेफिकीर सही मालकच करतो."

साहेब हसला. शिक्का मारून त्याने वही पुढे केली. "इथे सही करा."

केली. चौथीच निघाली.