खूण तिच्या हातची

"म्हणजे तिला न विचारता?" वेणूमाईंनी विचारलं.

"विचारलं तर ती नाही म्हणेल, माई."



पूर्णा नदीच्या काठावर माईंचा छोटासा मठ. तरुणपणी यशोधन तिथे त्यांच्यापाशी शिकायला राहिला होता. मग कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी निघून गेला, तो आज परतला होता. केस पिकलेले. मांडीवर लॅपटॉप.

"पुन्हा सांग," माई म्हणाल्या. "नीट सांग."

"सावनी, माझी मुलगी. न्यूझीलंडला असते. तिची आई गेल्यापासून माझ्याशी बोलत नाही. फोन उचलत नाही. म्हणून मी इंटरनेटवर एक पान केलं आणि तिला पाठवलं. त्यात आमच्या जुन्या अंगणाचे फोटो आहेत. तिच्या आईच्या आवाजातली गाणी आहेत. परवा सावनीने ते उघडलं, मला नोंदीत दिसलं."

"मग?"

"एक गाणं अर्धं ऐकलं… आणि गेली."

त्याचा आवाज अडखळला. मग तो पुन्हा आपल्या ठाम सुरात बोलू लागला.

"आवडलेल्या पानाची लोक ब्राउझरमध्ये खूण करून ठेवतात. बुकमार्क. म्हणजे पुन्हा शोधावं लागत नाही. मला अशी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम लिहायचाय, की तिने पान उघडलं रे उघडलं, खूण आपोआप तिच्याकडे जाऊन बसेल. रोज डोळ्यांसमोर राहील."

"मग लिही की."

"होत नाही. पूर्वी काही ब्राउझरांत निदान 'ठेवू का' म्हणून विचारता तरी यायचं. आता तेही गेलं. पान स्वतःला ठेवून घेऊ शकत नाही. वाचणाऱ्यानेच आपल्या हाताने खूण करायची." तो कडवट हसला. "उभा जन्म या कामात गेलाय माझा. कुठेतरी फट असणारच. शोधीनही. पण मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुमच्याकडे आलो."

माई उठल्या. दार लोटून त्यांनी आतून कडी घातली, कडीला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

"आता राहा इथेच," म्हणाल्या, आणि जपाला बसल्या.

यशोधन बसून राहिला…

थोड्या वेळाने उठला. दारापर्यंत गेला, परत आला. बाहेर नदीवर कुणीतरी म्हशी धूत होतं, त्याच्या हाका ऐकू येत होत्या. तो पुन्हा दारापाशी गेला.

"माई, मी काही लगेच निघणार नव्हतो. चार दिवस राहायच्याच विचाराने आलो होतो."

"हो?"

"मग कुलूप कशाला?"

"तू राहावंस म्हणून."

"पण आता…"

तो थांबला. माईंनी डोळे उघडले.

"आता काय?"

"आता जावंसं वाटतंय," तो हळूच म्हणाला.

माईंनी किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने कुलूप काढलं. दार उघडलं. दुपारचं ऊन आत आलं. तो बाहेर पडला नाही. उंबऱ्याशीच बसला, लॅपटॉप उघडला आणि अर्धवट लिहिलेली स्क्रिप्ट ओळीओळीने पुसून टाकली.

रिकाम्या जागी त्याने लिहिलं, 'सावनी, हे पान ठेवून घे.' कितीतरी वेळ ती ओळ बघत राहिला. मग तीही पुसली.

गाणी राहिली. अंगण राहिलं.

"ती परत आलीच नाही तर, माई?"

माईंनी जपाचा एक मणी पुढे ओढला.

"तुम्हाला काय वाटायचं?" तो वळून म्हणाला. आता त्याच्या आवाजात तो ठाम सूर नव्हता. "मी इथून गेलो. तुम्ही मला एकदाही निरोप धाडला नाहीत. एकदाही बोलावलं नाहीत. मी येईन, असं कधी वाटलं होतं का?"



"आत चुलीपाशी तुझं ताट झाकून ठेवलंय," माई म्हणाल्या. "कालचं गाईला घातलं."