चमचाभर विरजणाची पैज

“रुपया सगळ्यांना सारखाच दिला होता ना? मग आता कुरकूर कसली?” राजा भैरवसेन सिंहासनावरून गरजला, तशी चिमा कुंभारणीच्या आजूबाजूची माणसं दोन पावलं मागं सरकली. चिमा मात्र जागची हलली नाही.

भानगड अशी होती. देवखोऱ्याचा हा राजा दर साली व्यापाराची पैज लावायचा. येईल त्याला खजिन्यातून एकेक रुपया. महिन्याभरानं जो सगळ्यांत जास्त कमाई दाखवील, त्याला वेशीजवळचा मोक्याचा ओटा वर्षभर फुकट! चिमाचा त्या ओट्यावर केव्हाचा डोळा. डोक्यावर मडकी घेऊन गावोगाव हिंडून तिच्या बापाचे गुडघे पार गेले होते. ओटा मिळाला असता तर म्हातारा सावलीत बसून मडकी विकू शकला असता. म्हणून तिनं रात्रंदिवस खपून एका रुपयाचे नऊ केले. पण नगरशेठचा मुलगा रायाजी शंभर घेऊन आला, आणि सलग तिसऱ्या साली ओटा त्याच्याच घशात! तो तिथं विकायचा काय म्हणाल, तर काही नाही. दुपारी लोड टाकून घोरायचा.

“महाराज, रुपया सारखा होता, पैज सारखी नव्हती,” चिमा म्हणाली. “रायाजीशेठनी बापाच्या गाड्या जुंपल्या, बापाच्या वखारीतला माल...”

“पुरे!” राजा कडाडला. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही असा हा गडी. “सारखं ते सारखंच! सारखं दिलेलं सारखं नसतं, हे उद्या सकाळी माझ्या डोळ्यांना दाखव. गाड्या, वखार, रुपया, यातलं एकाचंही नाव काढायचं नाही! दाखवलंस तर ओटा तुझा. नाहीतर या बाजारात तुझं एक मडकं विकायचं नाही!”

चिमाला घरचा म्हातारा आठवला. बापाला काय सांगायचं? तेवढ्यात मुदपाकखान्याकडून श्रीखंडाचा घमघमाट आला. रायाजीच्या मेजवानीसाठी राजाच्या माणसांनी गावातलं दही झाडून उचलून नेलं होतं. आळीत विरजणापुरतंसुद्धा ठेवलं नव्हतं मेल्यांनी! सकाळपासून बायका दूध तापवून एकमेकींच्या दारात विरजण मागत फिरत होत्या.

“कबूल, महाराज!” चिमा म्हणाली. “आपल्या मुदपाकखान्यात वाटीभर दही उरलं असेल. त्यातलं एकेक चमचा विरजण मला द्या, रायाजीशेठना द्या. उद्या सकाळी दोघंही आपापलं दही घेऊन येतो.”

रायाजी फिस्सकन हसला. “चिमे, चिखल तुडवणारीनं दह्याच्या नादी लागू नये. आमच्या गोठ्यात चाळीस म्हशी आहेत!”

“म्हशींना माझा नमस्कार सांगा, शेठ!” चिमा म्हणाली आणि चमचाभर विरजण घेऊन तरातरा निघाली.

दुसऱ्या दिवशी दरबार गच्च भरला. रायाजीच्या मागून आठ गडी चार हंडे उचलून आले. “दोन मण दही, महाराज!” रायाजीनं मिशीला पीळ दिला. मागोमाग चिमा आली. कमरेवर एक कोरं मडकं, आत जेमतेम पाच शेर दही. दरबारात खसखस पिकली.

“हरलीस, पोरी!” राजा म्हणाला.

“महाराज, निकाल द्या, पण आधी शेठना दोन गोष्टी विचारू द्या.”

“विचार.”

“शेठ, विरजण कुठलं?”

“राजवाड्यातलं. तुला मिळालं तेच!”

“आणि दूध?”

“कुठलं म्हणजे? घरचं!”

“किती घातलंत?”

“दोन मण!” रायाजी छाती फुगवून म्हणाला.

“दोन मण दूध घातलंत, दोन मण दही निघालं. मग शेठ, तुम्ही केलंत काय?”

रायाजीनं मिशीवरचा हात खाली घेतला. “मी... मी विरजण लावलं!”

“ते तरी स्वतः लावलंत ना?”

हंड्याजवळच्या गड्याला एकदम ठसका लागला. राजा पुढं झुकला. “आणि तुझं दूध कुठून आलं गं?”

“माझ्या दारी साधी शेळी नाही, महाराज. पण गावात दूध होतं, विरजण नव्हतं. ते गेलं होतं तुमच्या श्रीखंडात! मग मी घरोघर गेले. थेंबभर विरजण द्यायचं, वाटीभर दूध घ्यायचं. आळीचंही दही लागलं, माझंही मडकं भरलं.”

राजानं बोटानं दही चाखलं. कोऱ्या मातीनं पाणी शोषलेलं, कवडीसारखं घट्ट! त्यानं आणखी एकदा बोट बुडवलं. पण हट्ट काही सुटेना.

“ठीक आहे, दाखवलंस. पण मग श्रीमंताच्या पोरानं पैज जिंकूच नये का? घरी म्हशी आहेत, हा काय त्याचा गुन्हा झाला?”

“गुन्हा कसला, महाराज! खुशाल जिंकावी! फक्त दही मोजताना घरून आणलेलं दूध आधी वजा करा. उरेल ते शेठचं!”

राजा हंड्यांकडे बघून पुटपुटला, “दोन मणांतून दोन मण गेले, राहिलं...”

“चमचाभर विरजण!” चिमा म्हणाली. “आणि तेही तुमचंच, महाराज!”

मग राजाच्या पोटातून असं हसू फुटलं, की मुकुट कानावर आला! हसताहसताच त्यानं ओटा चिमाच्या बापाच्या नावे कायमचा करून टाकला आणि पुढच्या सालापासून पैजेची पंच म्हणून चिमालाच नेमलं. रायाजीनं हळूच गड्यांना हंडे उचलायची खूण केली.

“अंहं!” राजा डोळे पुसत म्हणाला. “गावाचं दही आपण दोघांनी खाल्लंय, रायाजी. हे दोन मण घरोघर पोचव. आणि हो, या खेपेला हंडा तू स्वतः उचल!”