बसण्यापुरती चिमूट

एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गाव कसलं, अर्ध्यात घरं आणि अर्ध्यात चुन्याच्या भट्ट्या. त्या गावच्या विहिरीवर एका सकाळी वरच्या आळीतल्या दोघी बायका पाणी शेंदत होत्या. त्यातली एक दुसरीच्या कानाशी लागून म्हणाली, "खालच्या आळीतली ती ठकू आहे ना, तिनं म्हणे स्वतःच्या हातानं सुनेच्या तोंडात..."

एवढ्यात भट्टीचा मुकादम बैलांना पाणी पाजायला आला. बाई गप्प झाली आणि घागर उचलून चालती झाली.

आता अर्धवट ऐकलेली गोष्ट पोटात घेऊन कोणाला चैन पडतं? दुसरीनं घरी पोचेपर्यंत ती पुरी करून टाकली. दुपारपर्यंत सगळ्या वरच्या आळीला ठाऊक झालं, की ठकूनं आपल्या गरोदर सुनेला विष घातलं. कोणी म्हणालं धोतऱ्याच्या बिया, कोणी म्हणालं सोमल. एकीनं तर सून काळीनिळी पडल्याचंही सांगितलं. ती बाई कित्येक दिवसांत खालच्या आळीकडे फिरकलेली नव्हती, पण सांगताना तिच्या अंगावर काटा आला खरा.

खरं काय घडलं ते असं.

त्या गावात पूर्वी सगळेच तंबाखू खात. वरच्या आळीत चांदीच्या डबीतून, खालच्या आळीत कापडाच्या चंचीतून, एवढाच फरक. भट्टीचे मालक असलेले शेठ जेवण झालं की चिमूट लावत. शेठाणी सकाळी मिश्रीनं दात घासत बसायच्या, त्या पार ऊन ओसरीवर येईपर्यंत.

भट्टीवरची तंबाखूची रीत मात्र शेठांच्या आजोबांनी घालून दिलेली होती. सकाळी काम सुरू झालं की पाट्या वाहणाऱ्यांनी थांबायचं नाही. पाण्यासाठी नाही, भाकरीसाठी नाही. भाकरी दुपार कलल्यावर. पण मधे मुकादम हाळी द्यायचा, "बार भरा." मग ज्याच्याकडे तंबाखू असेल त्यानं चुना लावून ती तळहातावर मळायची, ओठामागे ठेवायची आणि ती चिमूट तोंडात असेपर्यंत चिंचेखाली बसायचं. ज्याच्या तोंडात चिमूट नाही, त्याला बसायचं कारण काय? त्यानं पाट्या वाहायच्या. मजुरीबरोबर दर बाजाराला एक एक मूठ तंबाखू मालकाकडूनच मिळायची. तिनं भूक मरायची आणि भरून आलेले पाय मोकळे व्हायचे. त्यामुळे खालच्या आळीत तंबाखू खायला कोणी कोणाला शिकवायचं नाही. डोक्यावर पाटी आली की माणूस आपणच शिकायचा.

मग एकदा राजधानीहून एक वैद्यबुवा आले. त्यांनी शेठांचं तोंड उघडून पाहिलं आणि बजावलं, "आजपासून बंद."

शेठांनी बंद केली. जीव कासावीस झाला की ते वेलदोडा चघळायचे, दूध प्यायचे, झोपाळ्यावर आडवे व्हायचे. महिना सरला आणि सवय सुटली. शेठाणींनी मिश्री सोडली. मग दिवाणजींनी सोडली, सावकारांनी सोडली, बघता बघता सगळ्या वरच्या आळीनं सोडली. आणि एकदा सोडल्यावर त्यांना तंबाखूचा वासही सोसेना. सोयरीक करताना दात बघायला लागले. ज्याच्या ओठामागे चिमूट, तो खालचा, असं ठरून गेलं.

घरातल्या उरलेल्या तंबाखूचं काय करायचं, हा प्रश्न आला. शेठ म्हणाले, "टाकायची कशाला? भट्टीवर द्या." म्हणून त्या वर्षी मजुरांना एका मुठीच्या जागी दोन मुठी मिळू लागल्या. सगळ्यांनी शेठांना दुवा दिला.

पुढे देवळापुढच्या पटांगणात वैद्यबुवांनी सगळं गाव बोलावलं. वरची आळी सतरंजीवर बसली, खालची आळी मागे मातीत. बुवा गरजले, "तंबाखू म्हणजे विष आहे, विष. मी लपवून बोलणार नाही."

खालच्या आळीतला एक म्हातारा उठून म्हणाला, "बुवा, ही सोडली तर धरायचं काय?"

"मन धरायचं. मन घट्ट धरायचं."

"मन धरतो बुवा. मग पाटी कोण धरंल?"

मातीत बसलेले हसले. सतरंजीवरचे हसले नाहीत. शेठ म्हणाले, "थट्टा पुरे. खालच्या आळीतला जो कोणी तंबाखू सोडेल त्याचा आम्ही दसऱ्याला याच जागी सत्कार करू."

सभा मोडल्यावर ठकू बुवांपाशी गेली. ठकू म्हणजे पन्नाशीची विधवा. मुलगा चुन्याच्या गाड्या घेऊन परमुलखात गेलेला, घरात ती आणि सून. ती म्हणाली, "बुवा, तिखट लागलं की तोंडाची आग हुतीया. जरा बघता का?"

बुवांनी बघितलं. ओठाच्या आत पांढरा चट्टा पडला होता. बुवांचा आवाज एकदम खाली आला.

"ठकूबाई, ही आज सोडा. आज म्हणजे आजच. नाही सोडलीत तर पुढे तोंड उघडायचं नाही. घास जायचा नाही."

"मी मरंन?"

"सोडलीत तर वाचाल."

ठकूनं घरी जाऊन चंची चुलीच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. नातवंडाचं तोंड बघायचं होतं तिला.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं हाळी दिली. सगळे चिंचेखाली बसले. ठकू सवयीनं बसायला गेली.

"ठकूबाई, तोंडात काय हाय?" मुकादमानं विचारलं.

"काय न्हाई. सोडली मी."

"चांगलं केलंस. मग ऊठ."

"जरा टेकू दे की. पाय भरून आल्यात."

"नुसतं टेकायची रीत न्हाई. आज तू टेकलीस, उद्या समदेच नुसतं बसतील. मला मालक इचारतील, हे बसल्यात का, तर मी काय सांगू?"

ठकू उठली. डोकं भणभणत होतं, पोटात भुकेचा खड्डा पडला होता. आतापर्यंत ती भूक तंबाखूनं झाकून ठेवली होती, ती आता सगळी एकदम उघडी पडली. तरी बाई हट्टाची. तिनं दिवस काढला, आठवडा काढला. आळीतल्या बायका चिडवायच्या, "आक्का आता वरच्या आळीत जाणार. झोपाळा बांधून ठेवा रं."

शेवटी ती शेठांच्या दारात गेली. शेठ झोपाळ्यावर होते.

"मालक, मी तंबाखू सोडली."

"शाब्बास. ऐकलंस का गं," ते आत शेठाणींना म्हणाले, "ठकूनं सोडली."

"मालक, तेवढं बिनतंबाखूचं बसू द्यायला सांगा मुकादमाला. जरा येळ. आन् सकाळच्याला अर्धी भाकरी खाऊ द्या."

शेठांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण ते म्हणाले, "ठकू, मीही सोडलीच ना? मी मागितली का कोणाकडे सवलत? निग्रह लागतो बाई, निग्रह. आजोबांनी घालून दिलेली रीत मी मोडली तर भट्टी चालायची कशी?" आणि त्यांनी तिच्या हातावर एक वेलदोडा ठेवला.

ठकू तो वेलदोडा घेऊन घरी आली. तो खाऊन तिला जास्तच भूक लागली.

तिची सून दुसऱ्या गावची. तिच्या माहेरी भट्ट्या नव्हत्या, म्हणून तिनं तंबाखूला कधी हात लावलेला नव्हता. नव्या नवरीला दोन सालं घरकामाला ठेवायची पद्धत होती, पण मुलगा गेल्यावर तिलाही भट्टीवर जावं लागलं. आता तिला सातवा लागला होता. सासू-सून दोघी पाट्या वाहायच्या. हाळी झाली की सगळे चिंचेखाली आणि या दोघी उन्हात.

एक दिवस हाळी झाल्यावर सून पाटी घेऊन चढताना थांबली. तिनं एक हात पोटाला लावला. पाटी कलंडली, चुनखडीचे खडे घरंगळत खाली गेले. ठकूनं धावत जाऊन तिला दंडाला धरलं.

"काय हुतंय?"

"काय न्हाई आत्याबाई. डोळ्यांपुढं अंधारी आली. ओटीपोटात कळ येतीया मधनं मधनं."

ठकू मुकादमाकडे वळली. "हिला तरी बसू दे. तुझ्या पाया पडते."

मुकादमाचंही मन द्रवलं असावं. तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "आक्का, मी काय रीत मोडू? हिला एक चिमूट दे की. मग बसंल जरा. कोण काय म्हणतंय?"

ठकू उभी राहिली. चिमूट दिली तर काय होतं ते तिच्या स्वतःच्या ओठामागे लिहिलेलं होतं. नाही दिली तर काय होणार, ते तिच्यापुढे पोट धरून उभं होतं.

ती चिंचेखाली गेली, एकीच्या चंचीतून चिमूट घेतली, नखभर चुना लावून मळली आणि आपल्या हातानं सुनेच्या ओठामागे ठेवली.

"गिळू नगंस. थुंकत ऱ्हा. आन् बस."

सुनेला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. पण ती बसली नाही.

"बस की गं पोरी."

"तुमी उभ्या आसताना?" सून म्हणाली. "तुमी उन्हात उभ्या ऱ्हायच्या आन् मी सासूपुढं सावलीत बूड टेकायचं? तसं करीन तर माझ्या आईला नाव ठेवतील."

"मी सांगते म्हणून बस."

"तुमी बसा, मग मी बसते."

ठकूनं समजावलं, रागे भरली, शिवीही हासडली. सून उभीच. तोंडातून लाळ गळत होती, आणि ती उभी. सासू उभी असताना सुनेनं बसायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. ते तिनं चांगलं पाठ केलं होतं.

तेव्हा ठकूनं दुसरी चिमूट मागितली. तीही मळली आणि आपल्या ओठामागे, त्या चट्ट्यावरच ठेवली. आग आग झाली. मग ती चिंचेखाली जाऊन बसली, आणि तिच्या मागोमाग सून बसली.

मुकादम खूश होऊन म्हणाला, "हां. आता कसं."

पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी ही हकीकत कोणाला तरी सांगितली, ती विहिरीवर पोचली आणि पुढे तिचं काय झालं ते वर आलंच आहे. वरच्या आळीनं शेठांना सांगितलं. शेठांनी ठकूला चावडीवर बोलावलं. सगळं गाव जमलं. वैद्यबुवाही होते.

शेठ म्हणाले, "ठकू, खरं सांग. तू सुनेच्या तोंडात आपल्या हातानं विष घातलंस?"

"हातानं घातलं, हे खरं हाय मालक."

बायकांनी पदर तोंडाला लावले.

"काय घातलंस?"

"तंबाखू."

"तंबाखू?"

"व्हय. तुमच्याच घरची. इख हाय का न्हाई ते मला काय कळतंय? बुवा म्हणाले हुते सभंत. त्यांनाच इचारा."

सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी शेठांकडे पाहिलं. मग ते घसा खाकरून म्हणाले, "विष म्हटलं ते, म्हणजे, समजावं म्हणून म्हटलं. तसं विष नव्हे ते. सोमल वगैरे, तसं नव्हे."

"मग सून जिवंत आहे?" शेठाणींनी विचारलं.

"हाय की. कामावर हाय."

गर्दीतून सुटकेचा एक मोठा उसासा आला. "एवढंच होय," असं म्हणत लोक उठले. शेठांनीही निकाल दिला, की अफवेत तथ्य नाही, ठकू निर्दोष आहे. मात्र तिनं पुन्हा तंबाखू धरली, म्हणून दसऱ्याचा सत्कार काही होणार नाही. दसऱ्याला तो सत्कार दिवाणजींचा झाला. त्यांना शाल मिळाली.

सुनेला मुलगी झाली. इवलीशी, मुठीएवढी. रडण्याचा आवाज शेजारच्या घरातही जात नव्हता. खालच्या आळीतल्या बायका येऊन म्हणाल्या, "जगंल, जगंल." आणि उठताना त्यांनी एकमेकींकडे बघितलं.

सून आता दोन मुठी तंबाखू पदरात घेते. हाळी झाली की दोघी शेजारी शेजारी बसतात. ठकूचं तोंड आता बोटभरच उघडतं. सून भाकरी पाण्यात कुस्करते, बोटानं तिच्या तोंडात घालते, आणि अर्धी बाहेर सांडते ती पदरानं पुसते. विहिरीवर अजून कधीतरी विषय निघतो. बायका म्हणतात, "विष नव्हतंच ते. नुसती तंबाखू होती." आणि घागरी भरून घरी जातात.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: ज्याला वेळेवर भाकरी आणि टेकायला जागा आहे, त्याचं व्यसन निग्रहानं सुटतं. ज्याला ती नाही, त्याला निग्रह सांगण्याआधी 'जरा बस' म्हणावं.