कोवळा वेळू राखण्याचा वसा

ऐक बेटाई माय, तुझी कहाणी तुझ्याच लेकी सांगताहेत. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं, आटपाट. नगरात राजा होता, राणी होती. वेशीबाहेर बुरुडआळी होती, तिथं ठकू नावाची बुरडीण राही. नवऱ्याचं नाव सटवाजी, लेकीचं नाव आवडी. घर कुडाचं, छप्पर गवताचं. सटवाजीनं रानातून वेळू आणावा, ठकूनं सूप विणावं, सांजेला ते विकून चूल पेटवावी. कधी पेटावी, कधी न पेटावी.

एके दिवशी काय झालं, सटवाजी तापानं पडला. ठकू कोयता घेऊन एकटीच रानात गेली. तिथं वेळूच्या बेटाशी एक म्हातारी बसलेली. हिरवं लुगडं, पिंजल्या कापसासारखे केस. म्हणाली, "लेकी, भूक लागली." ठकूनं फडक्यातली भाकरी मोडली, अर्धी तिला दिली. म्हातारी जेवली, तृप्त झाली. मग म्हणाली, "तुला एक वसा सांगते, घेशील?"

"घेईन आजीबाई. त्याला काय करावं?"

"श्रावण यावा, शनिवार यावा. न्हाऊन-धुऊन रानात जावं. एका बेटाला हळदकुंकू वाहावं, कच्च्या सुताचा वेढा द्यावा, दहीभाताचा नैवेद्य दाखवावा. सूत बांधलं त्या बेटाला वर्षभर हात लावू नये. इतर बेटांतला जून वेळू तेवढा तोडावा, कोवळा राखावा. कोंब येतील तितकंच न्यावं. आणि सांजेला घरात जे असेल त्याला हात जोडून म्हणावं, पुरलं ग माय."

"एवढंच?"

"एवढंच. रित्या घरात सोपं आहे लेकी, भरल्या घरात विसरशील."

"नाही विसरणार," ठकू म्हणाली.

ठकूनं वसा घेतला. सटवाजी उठून बसला. जून वेळूची सुपं टिकाऊ निघाली, गिऱ्हाईक दारी येऊ लागलं. चूल रोज पेटली. आवडीचं लग्न झालं, सासर चांगलं मिळालं. ठकू रोज सांजेला हात जोडी, पुरलं ग माय म्हणे.

मग राजानं नवं कोठार बांधलं. ठकूला बोलावणं आलं. "सुपं दे, टोपल्या दे, कणग्या दे. यंदा देशील त्याच्या दुप्पट पुढल्या साली. त्याच्या दुप्पट त्याच्या पुढल्या साली. माझं राज्य वाढतं आहे, थांबून कसं चालेल?" ठकूला आनंद झाला. आळीतले सगळे हात कामाला लावले. गवत जाऊन कौलं आली, कूड जाऊन भिंती आल्या.

श्रावण आला, शनिवार आला. ठकू रानात गेली. म्हातारी बेटाशी बसलेली. "लेकी, सूत आणलंस?" "आजीबाई, आज राजाचं काम आहे. पुढल्या शनिवारी." असं म्हणून बेट तोडलं. दुसरा शनिवार आला. "लेकी, सूत आणलंस?" "गाड्या खोळंबल्यात आजीबाई." दुसरं बेट तोडलं. तिसरा शनिवार आला. म्हातारी म्हणाली, "कोवळा तरी ठेव ग." ठकू म्हणाली, "रान का थोडं आहे? हा डोंगर, त्यापलीकडे आणखी डोंगर." कोयता उचलला, कोवळ्यावर घातला. म्हातारी उठली, पाठ फिरवली, दिसेनाशी झाली.

सांजेला सटवाजी म्हणाला, "अगं, यंदा कोंबच दिसेना." ठकू म्हणाली, "पलीकडे असतील." पलीकडे गेले, तिथलं तोडलं. त्याच्या पलीकडे गेले, तिथलं तोडलं. मग नुसता खडक लागला. पाऊस आला, उघड्या डोंगराची माती घेऊन गेला. झरा आटला. आळीतले हात रिकामे झाले, लोक परगावी गेले. ठकूच्या कौलारू घरात चूल विझली.

अशात आवडी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, गोरीगोमटी. पाचवीची पूजा आली. बाळाला सुपात ठेवायचं, सटवाईपुढं मांडायचं. ठकू उठली, घर शोधलं. ओसरी शोधली, माळा शोधला, परसू शोधलं. राजाला सुपं पुरवणारी ती, आणि घरात एक सूप नाही! 

मग ठकू पदर खोचून निघाली. तेलिणीकडे गेली. "बाई, सूप दे." "मोडलं ते चुलीत गेलं, नवं मिळतंय कुठं?" कुंभारणीकडे गेली. "बाई, सूप दे." "एक आहे, पण फाटकं. दाणा ठरत नाही, बाळ कसं ठरेल?" मग राजवाड्यात गेली. राणीनं कोठार उघडलं. आत सुपांचे ढीग, टोपल्यांच्या राशी. ठकूनं एक उचललं, हातात पीठ झालं. दुसरं उचललं, पीठ झालं. कोवळा वेळू भुंग्यानं पोखरला होता. राणी म्हणाली, "ठकूबाई, सगळं असंच आहे ग. धान्यसुद्धा सांडून गेलं." दोघी उंबऱ्यावर बसून रडल्या.

ठकू तशीच रानात गेली. वाळल्या बुडख्यांवर डोकं टेकलं. "माय, मी विसरले. मला शिक्षा कर, पण माझ्या नातीला का?"

पाठीवर हात पडला. म्हातारी उभी होती. "मी बेटाई. शिक्षा मी कुणाला करीत नाही लेकी. तू नेलंस, ते सरलं. एवढंच झालं."

"मग आता वाढ होणारच नाही का माय?"

"होईल. वेळू कसा वाढतो, पाहिलंस ना? पहिल्या पावसाळ्यात काय तो उंच होतो. मग उंची थांबते, अंग भरतं, बळ येतं. वाढायचं तर असं वाढ. बुडखे वरून वाळले, खाली कंद जिवंत आहे. गुरं येऊ देऊ नको, कोयता आणू नको, वाट पाहा."

"आणि बाळाला सूप?"

"हात कुणाचे आहेत तुझे? बुरडिणीचे ना?"

ठकूनं डोळे पुसले. कुंभारणीकडे गेली, फाटकं सूप मागितलं. तिनं आनंदानं दिलं, वर वाटीभर तांदूळ दिले. उकिरड्यावरच्या मोडक्या दुरड्या ठकूनं वेचल्या, कांब्या सोडवल्या, भिजवल्या, सूप सांधलं. बाळाला त्यात ठेवलं. बाळ हसलं. ठकूनं कुंभारणीला हात जोडले, सुपाला हात जोडले, म्हणाली, "पुरलं ग माय."

तेव्हापासून लोक मोडकं-तोडकं घेऊन येऊ लागले. ठकू सांधून देई, विणून देई. थोड्या कांबीत बारीक वीण घालायला शिकली, आळीतल्या लेकीसुनांना शिकवू लागली. रानाला कुंपण घातलं. एक पावसाळा गेला, काही नाही. दुसरा गेला, गवत आलं. तिसरा आला, मातीतून कोंब वर आला, तान्ह्या बाळाच्या मुठीएवढा. सटवाजी ओरडला, "ठकू, धावत ये!" दोघं गुडघे टेकून बघत राहिली.

बेटं भरली, वेळू जून झाला. परगावी गेलेले परतले. राजाचं बोलावणं आलं. "ठकूबाई, पूर्वीसारखं दुप्पट देशील?"

"रान देईल तेवढंच, महाराज. जास्त घेतलं तेव्हा तुमचंही गेलं, माझंही गेलं. पण दिलेलं टिकेल, आणि मोडलं तर सांधून देईन."

राजानं ते मान्य केलं. राणी पुढं झाली. "ठकूबाई, तो वसा मलाही सांग." श्रावणातल्या शनिवारी राणी अनवाणी रानात आली, ठकूच्या शेजारी उभी राहिली. दोघींनी मिळून बेटाला सूत गुंडाळलं. वाऱ्यानं वेळू वाकले, पानं सळसळली. राणी म्हणाली, "काय म्हणायचं आता?" ठकू म्हणाली, "पुरलं म्हणायचं, बाईसाहेब. मनापासून म्हणायचं."

बेटाई जशी ठकूला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. आपल्याला पुरो, मागून येणाऱ्यांना उरो. लांबलचक कहाणी थोडक्या बोलांत सांगितली, सांगणारीच्या आणि ऐकणारीच्या पदरात तिचं फळ पडो, कहाणी इथे भरून पावली.